आपोआप

हात खाली गेला आणि काहीच लागलं नाही. बोलता बोलता, न बघता, मार्लिस खिडकीच्या काठावर टेकायला वाकली होती. गुडघ्याच्या जरा वर जिथे लाकूड असायला हवं होतं तिथे नुसती भिंत होती, कोऱ्या प्लायवूडची, खरखरीत. तळहात तिच्यावरून घसरत गेला आणि ती एका खांद्यावर कलंडली. फोरमन कर्ट निएमीनं तिचा दंड धरला. "सांभाळ गं," तो म्हणाला आणि पुन्हा गरम पाण्याच्या पाइपांबद्दल सांगायला लागला. काठ होता, पण तो तिच्या पोटाशी होता. शाळेच्या, बँकेच्या, दाताच्या दवाखान्याच्या खिडकीचा जिथे असतो तिथेच. बाहेर सरोवर होतं, नोव्हेंबरचं, शिशाच्या रंगाचं, क्षितिजापाशी एक खनिजाचं जहाज अडकल्यासारखं उभं. पण ते तिला दिसत होतं ती उभी होती म्हणून. तिनं कोपऱ्यातली खिळ्यांची बादली उपडी केली आणि त्यावर बसून मान मागे टाकली, पलंगावर पडलेल्या माणसाचे डोळे जिथे येतील तिथवर. मग फक्त आकाश उरलं. पांढरट, कुठलंही असू शकेल असं. सांडलेले खिळे गोळा करत कर्टनं विचारलं, चक्कर आली का. ती म्हणाली, नाही, बघतेय.

या इमारतीत तिचं म्हणावं असं खिडकीचा तो खालचा काठ, तेवढं एकच होतं. बाकी सगळं कुठल्याही आर्किटेक्टनं काढलं असतं: आठ खोल्या, मधला पॅसेज, नर्सेसची जागा, नातेवाइकांना रडायला किंवा सँडविच खायला एक छोटी खोली. डुलुथमध्ये मरायला टेकलेल्या माणसांसाठी हॉस्पिस बांधायचं असं ठरलं तेव्हा इतर ऑफिसांनी छपरांची, लाकडाची, दगडी भिंतींची चित्रं दाखवली होती. तिनं आणि तिचा ऑफिसातला भागीदार वॉरन यानं एकच चित्र नेलं होतं. पलंग, पलंगावर आडवी आकृती, आणि तिच्या डोळ्यांपासून निघून खिडकीच्या काठावरून थेट पाण्यापर्यंत गेलेली एक रेघ. ती रेघ वॉरननं काढली होती, मऊ पेन्सिलीनं, पट्टी न लावता. काठ गुडघ्याएवढा खाली असला तरच ती रेघ पाण्यावर पडते. समितीच्या बायका बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या होत्या, आणि अध्यक्ष लव्हॉन सुंडक्विस्ट यांनी चष्मा काढून पुसला होता.

ती रेघ काढताना वॉरन कुणाचा विचार करत होता हे तिला ठाऊक होतं. त्याआधीच्या हिवाळ्यात व्हर्ना, तिची मोठी बहीण, टेकडीवरच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर होती. सगळं सरोवर त्या खोलीसमोर पसरलेलं होतं आणि व्हर्नाला त्यातलं काही दिसत नव्हतं. व्हर्नानं आयुष्यभर शाळेची बस चालवली. निसर्ग वगैरे म्हटलं की ती हसायची. पण पाणी गोठलं का हे तिला रोज जाणून घ्यायचं असायचं, कारण सगळे हिवाळे तिनं तसेच मोजले होते, रस्त्यावर काय येणार ते पाण्यावरून ओळखून. "गोठलं का गं?" ती विचारायची. मार्लिस खिडकीशी जाऊन सांगायची: काठाशी थोडं, पुढे अजून मोकळं आहे. एकदा वॉरन सूप घेऊन आला होता. तो म्हणाला, आपण हिला बसवू या, बघू दे की तिचं तिला. त्यानं पलंगाचा दांडा फिरवला, पाठीमागे उशा लावल्या, दोघांनी तिला काखेत धरून वर ओढलं, आणि व्हर्नाच्या तोंडून असा आवाज निघाला की पॅसेजमधून दोन नर्स धावत आल्या. तिला पाणी दिसलं की नाही ते कुणालाच कळलं नाही. नंतर पार्किंगमध्ये वॉरन गाडीच्या टपावर कपाळ टेकून रडला होता. मार्लिस रडली नव्हती. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच चाललं होतं: खिडकी. खिडकी खाली हवी होती.

ऑफिसात आल्यावर तिनं कोट न काढताच स्क्रीन चालू केला. ड्रॉइंग काढायच्या या सॉफ्टवेअरला आपल्याबद्दल काही मत आहे असं तिला नेहमी वाटायचं. दोन भिंतींमध्ये मुद्दाम बोटभर फट ठेवली तर ते ती मिटवून टाकायचं, जणू बिचारीच्या नजरेतून राहून गेली असेल. जराशी तिरकी रेघ सरळ करायचं. दार डावीकडे उघडायला हवं असलं तर उजवीकडे लावून द्यायचं, आणि तिनं ते फिरवलं की पुढच्या दाराला पुन्हा तेच. हे बंद करायची बटणं होती, पण दर नव्या आवृत्तीत ती जागा बदलायची, आणि बंद केलेल्या काही गोष्टी नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा चालू होऊन बसलेल्या असायच्या. उद्धटपणा कुठेच नव्हता. अगत्याच्या घरी गेल्यावर आपल्याला हाताला धरून खुर्चीत बसवतात तशी ती सक्ती होती: तू राहू दे, मी करतो. वॉरनला त्याचं काही वाटायचं नाही. तो पलीकडच्या टेबलावरून ओरडायचा, "आज बोलणं बंद आहे का तुमचं दोघांचं?" आणि ती म्हणायची, आमचं लग्न कधी चाललंच नाही. ही त्यांची ऑफिसातली रोजची करमणूक होती.

आता तिनं हॉस्पिसचा पूर्वेकडचा दर्शनी भाग उघडला. खिडक्या वर होत्या. भिंत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग उघडलं, त्यातही वर. खिडक्यांचा तक्ता पाहिला तर तिथे काठाची उंची वरचीच लिहिलेली, आणि खिडकी वर गेल्यामुळे जमिनीलगतच्या खिडकीला लागणारी सहज न फुटणारी टफन्ड काचही तक्त्यातून आपसूक गळून साधी काच आलेली. जूनमध्ये तिनं स्वतः हे सगळं तपासलं होतं, तेव्हा काठ खाली होता. त्यानंतर ती शाळेच्या कामावर गेली आणि हॉस्पिस वॉरनकडे राहिलं. मधे थंडीसाठी बाहेरची भिंत जाड करायचं ठरलं होतं. भिंतीची जात बदलली की तिच्यातल्या खिडक्या सॉफ्टवेअर उपटतं आणि पुन्हा बसवतं, आणि बसवताना त्याला जी उंची शहाणपणाची वाटते तिथे बसवतं. पूर्वी हातानं ड्रॉइंग काढायचे तेव्हा चूक एका कागदावर व्हायची आणि दुसरा कागद ती पकडून द्यायचा. कागद एकमेकांशी भांडायचे. आता भांडण उरलंच नव्हतं. सगळे कागद एका सुरात, एकाच सभ्य आवाजात खोटं बोलत होते, आणि त्यांच्यात उभं राहून खरं तेच आपल्याला चुकीचं आठवत असावं असं वाटत होतं. तिनं खरोखरच जुनी प्रत शोधून पाहिली, आपण खिडकी खाली काढली होती ना, याची खात्री करायला.

वॉरन जेवणाच्या सुट्टीनंतर आला. तिनं सांगितलं तेव्हा तो आधी खुर्चीवर बसला, मग उठला, मग दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अरे देवा," तो म्हणाला. "भिंत जाड केली तेव्हाच झालं असणार." मग तो त्या सॉफ्टवेअरला जे बोलला ते ऐकून तिला बरं वाटलं. त्यानं कॉफी करून आणली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आपण काहीतरी मार्ग काढू म्हणाला. त्या दिवसांत तिचा संताप स्वच्छ होता. ज्याला चेहरा नाही अशा कुणावर तरी रागावण्यात एक प्रकारची विश्रांती असते, आणि वॉरन त्या रागात तिच्या शेजारी बसलेला होता, जसा इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीत होता. गाडी चालवताना, भांडी घासताना ती त्या अदृश्य गड्याशी वाद घालायची. तुला कुणी विचारलं होतं? खिडकी कुठे असावी हे तुला कुणी सांगितलं? एकदा लाल दिव्याला थांबली असताना ती मोठ्यानं बोलली आणि शेजारच्या गाडीतल्या बाईनं मान फिरवली.

आठवडाभरानं ती पुन्हा साइटवर गेली, एकटी, खिडक्या खाली आणायच्या तर काय काय उचकटावं लागेल ते विचारायला. कर्ट व्हर्नाच्या वर्गातला. शाळेत असताना त्यानं व्हर्नाला नाचाला नेलं होतं आणि तिनं त्याच्या वडिलांचा ट्रक चिखलात रुतवला होता. तो प्लायवूडवर पेन्सिलनं खुणा करत होता. हा तुकडा कापायचा, हे आडवं लाकूड खाली घ्यायचं, हीटर खिडकीखालून काढून बाजूच्या भिंतीवर न्यायचे, काचा नव्या मागवायच्या. अवघड नाही पण वसंतापर्यंत लांबेल, तो म्हणाला. मग पेन्सिल कानामागे खोचत, अगदी सहज, तक्रारीचा लवलेशही नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "म्हणून तर मी तेव्हाच विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस?"

"की आधीच्या ड्रॉइंगमध्ये खिडक्या खाली होत्या, नव्यात वर आहेत, नक्की कुठलं. उन्हाळ्यातच. फोन वॉरननं घेतला. म्हणाला, नव्याप्रमाणे बांध." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलं असेल."

ती हो म्हणाली. ठरलं होतं, पण आता बदललं, असंही काहीतरी म्हणाली. आपण वॉरनला सांभाळून घेतोय हे बोलताना तिच्या लक्षात आलं, आणि जिभेला एक धातूची चव आली, नाणं चघळल्यासारखी. गाडीत बसून तिनं किल्ली फिरवली नाही. काचेवर तिच्या श्वासाचं धुकं जमत गेलं. भिंत जाड केली तेव्हाच झालं असणार. त्यानं ते किती चटकन म्हटलं होतं! तिला स्वतःला ते शोधायला अर्धी सकाळ लागली होती. त्याचं डोक्याला हात लावणं, ती कॉफी, खांद्यावरचा तो हात, हे एकेक करून तिनं परत आणलं आणि प्रत्येकाच्या मागची बाजू उलटून पाहिली. मग ते मागेच पसरत गेलं, तिला नको असताना. गाडीच्या टपावर टेकलेलं कपाळ. सुपाचा डबा. पट्टी न लावता काढलेली ती रेघ. तेव्हा तो खरा होता. यात शंका नव्हती, आणि त्रास नेमका तोच होता. मुळापासून खोटा निघालेला माणूस टाकून देता येतो. हा माणूस खरा होता, आणि मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी, फोन कानाला लावून, तो दोनच शब्द बोलला होता.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली तेव्हा तो टेबलाशी जंगली तांदळाचं सूप गरम करून खात होता. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, कर्टनं तुला विचारलं होतं. काय विचारलं होतं, असं वॉरननं म्हटलं नाही. त्यानं चमचा वाडग्यात ठेवला, आवाज होऊ नये अशा बेतानं.

"मी काही केलं नाही, मार्लिस," तो म्हणाला. "भिंत बदलली, सॉफ्टवेअरनं खिडक्या वर नेल्या. स्क्रीनच्या कोपऱ्यात तसा निरोप आला, तो मी वाचला. मी त्या खाली आणायलाच गेलो होतो. मग हात थांबला."

मग त्यानं सगळं सांगितलं, थांबत थांबत, सुपाकडे बघत. हीटिंगचा माणूस महिनाभर मागे लागला होता की खिडक्यांखाली जागाच नाही. नव्या काचांना उशीर होणार होता. समिती थकली होती. आणि तेवढ्यात स्क्रीनवर सगळं जुळून आलं, हीटरना जागा झाली, काचा साध्या झाल्या, एकही लाल खूण उरली नाही. जणू इमारतीनंच सुटकेचा श्वास टाकला, असं तो म्हणाला. त्यानं स्वतः खिडक्या वर नेल्या नसत्या, कधीच नसत्या. पण त्या गेलेल्याच होत्या.

"मला विचारायचं होतंस."

"तुझ्याशी त्या खिडक्यांबद्दल बोलता येत नव्हतं. व्हर्ना गेल्यापासून कुणालाच येत नव्हतं. तू भांडली असतीस."

"भांडले असते."

"आणि मी हरलो असतो."

"म्हणून ते भांडण तू त्या सॉफ्टवेअरकरवी जिंकलंस," ती म्हणाली. सुपावर साय धरत होती. "आणि मागच्या आठवड्यात? मी येऊन सांगितलं तेव्हा?"

वॉरननं वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, आणि तेही तिला खरंच वाटलं. "तेव्हा तू सॉफ्टवेअरवर चिडली होतीस," तो म्हणाला. "माझ्यावर नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तसंच राहू दिलं."

समितीची बैठक नेहमीप्रमाणे लुथेरन चर्चच्या तळघरात होती. लांब टेबलं, पातळ कॉफी, कुणीतरी करून आणलेल्या लिंबाच्या वड्या, भिंतीवर रविवारच्या शाळेतल्या मुलांनी कापसाची चिकटवलेली मेंढरं. मार्लिसनं घरून ठरवून आणलं होतं. ती आधी काय झालंय ते सांगणार होती, मग कसं झालं ते, आणि नाव घेणार होती. वॉरन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता, हात टेबलावर पालथे ठेवून, जणू ते तिच्या ताब्यात दिले होते. तिनं चित्रं दाखवली. खिडक्या वर गेल्यात, त्या खाली आणाव्या लागतील, उद्घाटन वसंतात जाईल. कुणी रागावलं नाही. रागावणं त्या तळघरात कुणाला जमलंच नसतं. फक्त लव्हॉन सुंडक्विस्ट यांनी चष्म्यावरून बघत, अगदी हळू विचारलं, "पण हे झालं कसं गं, मार्लिस?"

तिनं तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, तिला त्याचा पहिला शब्दही दिसत होता, आणि तो शब्द वॉरनचं नाव होता. तिच्या शेजारी त्याचा श्वास थांबलेला तिला ऐकू आला. इतक्या वर्षांत त्याचं नाव तिनं हजारदा घेतलं असेल, हाक मारायला, चिडवायला, बाहेरच्यांपाशी कौतुक करायला. ते नाव या कामाला कधी वापरलं नव्हतं, आणि तोंड त्या आकाराला वळेना.

"सॉफ्टवेअरनं केलं," ती म्हणाली. "भिंत बदलली तेव्हा त्यानं आपोआप वर नेल्या."

आणि सगळं सैल झालं. टेबलाभोवती माना हलल्या, कनवाळूपणे, ओळखीनं. कुणाची तरी नवी गाडी रस्त्यावर स्वतःच स्टिअरिंग ओढत होती. कुणीतरी भावजयीला सांत्वनाचा मेसेज पाठवला होता आणि फोननं त्यातला एक शब्द बदलून भलताच केला होता. तो शब्द काय होता हे सांगितल्यावर पाद्रीबाईसुद्धा हसल्या. वड्यांची थाळी पुन्हा फिरली. पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण पुढचा प्रश्न उरलाच नव्हता. किती सोपं होतं ते! एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. वॉरनला त्या उन्हाळ्यात किती सोपं गेलं असेल ते आत्ता तिच्या हातापायांना कळत होतं, आणि हे कळून घ्यायची तिची मुळीच इच्छा नव्हती. टेबलाखाली वॉरननं तिचा हात शोधला आणि दाबला. तो हात गरम होता, कृतज्ञ होता. तिनं आपला हात काढून घेतला आणि लिंबाची वडी उचलली. ती खाईपर्यंत तिच्या बोटांना पिठीसाखर चिकटली होती, आणि ती बराच वेळ पुसत राहिली.

नंतर भांडण झालं नाही. ती आणखी थोडे दिवस ऑफिसात गेली. दोघं एकमेकांशी फार नीट वागायची, दार धरून ठेवायची, कॉफी हवी का विचारायची. वॉरन आता सॉफ्टवेअरबद्दल कधी विनोद करत नसे. मग जानेवारीतल्या एका सोमवारी ती ऑफिससमोरून गाडी घेऊन सरळ पुढे गेली. ठरवलेलं नव्हतं. वळायच्या जागी हातांनी स्टिअरिंग वळवलं नाही, एवढंच. तिनं जेवणाच्या टेबलावर काम सुरू केलं, लहान कामं, स्वयंपाकघरं, व्हरांडे. वॉरननं दोन पत्रं लिहिली. पहिल्याला तिनं उत्तर दिलं, कामापुरतं. हॉस्पिसच्या खिडक्या त्यानंच उभं राहून खाली आणून घेतल्या, प्रत्येक खिडकी स्वतः मोजली म्हणे. हे कर्टनं तिला किराणा दुकानात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तो उगीचच संत्री दाबून बघत राहिला. उद्घाटनाला ती गेली नाही. त्या दिवशी तिनं सर्दी झाल्याचं कळवलं.

मे महिन्यात लव्हॉनबाईंचा फोन आला. तिथलं सगळं छान चाललंय, येऊन बघून तरी जा, असं त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. पूर्वेकडच्या पहिल्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ आलेत, निवृत्त सुतार, स्वभावानं तिखट. त्यांनी पहिल्या दिवसापासून पडदा ओढून ठेवलाय. पाण्यावरची उन्हाची तिरीप डोळ्यावर येते म्हणे, आणि ते हलणारं पाणी बघून मळमळतं. नर्सनं उघडला की पुन्हा बंद करतात.

"तुला वाईट वाटेल म्हणून सांगू की नको असं झालं होतं," लव्हॉनबाई म्हणाल्या. "एवढा खटाटोप केलास तू."

मार्लिस फोन धरून उभी होती. टेबलावर कुणाच्या तरी व्हरांड्याचं ड्रॉइंग पसरलं होतं, स्क्रीनवर एक चौकट उघडी होती आणि काय करू असं विचारत होती.

"पडदा त्यांनी स्वतः ओढला?" तिनं विचारलं.

"हो गं. उठवत नाही, पण दोरी उशाशीच आहे ना. स्वतःच ओढतात."

"मग राहू द्या," मार्लिस म्हणाली. "नर्सला सांगा, उघडू नका. त्यांनी ओढलाय ना, मग राहू द्या तो तसाच."